ताप हे कारण नव्हे

आमचे वडील रविवारी गेले. सकाळी गेले, संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं, आणि सोमवारी पहिल्या तासाला दादा वर्गात उभा होता. लोक म्हणाले, काय मुलगा आहे. मी म्हटलं, काय बाप आहे, जातानासुद्धा पोराची हजेरी मोडू दिली नाही. दादाला ते लागलं. बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही, पण कॉलेजला मात्र रोज गेला.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. तो कॉलेजात भाषा शिकवायचा आणि मी त्याच कॉलेजच्या लायब्ररीत आहे. घरात आम्ही तिघं, दादा, वहिनी आणि मी. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारू नका, सांगायला बसले तर दादाचं राहून जाईल. माझी भाची आता सासरी असते. ती जन्मली तीसुद्धा मोठ्या सुट्टीत. भर सत्रात बाळंत व्हायची वहिनीची काय बिशाद होती.

तर दादाचं सांगायचं म्हणजे त्याने नोकरीत एकही दिवस रजा घेतली नव्हती. एकही म्हणजे एकही. दाढ काढली तीही मधल्या सुट्टीत, आणि पुढचा तास तोंडात कापसाचा बोळा धरून फळ्यावर लिहून घेतला. नातेवाइकांच्या लग्नांना वहिनी एकटी जायची. सुरुवातीला लोक विचारायचे, 'हे आले नाहीत?' मग विचारेनासे झाले. काही दूरच्या नातेवाइकांना तर आजही खात्री आहे की वहिनी विधवा आहे.

कॉलेजात त्याचं नाव पडलं होतं 'हजर सर'. पोरं पाठीमागे म्हणायची, पण दादाला माहीत होतं आणि आवडायचंही. त्याचा तास हजेरीनेच सुरू व्हायचा. बाकीचे प्राध्यापक कागद फिरवतात, पोरं सह्या करतात, ज्याची नाही त्याची शेजारी करतो. दादाला ते मंजूर नव्हतं. तो एकेक नंबर पुकारायचा, मान खाली, पेन हातात. आणि एखाद्याने दुसऱ्याच्या नंबराला 'हजर' म्हटलं की मान वर न करता विचारायचा, "हा आवाज कुणाचा?" झालं, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. त्याला सगळ्यांचे आवाज पाठ असायचे. कविता पाठ नसल्या तरी चालेल, पण प्रॉक्सी लावलेली त्याला खपायची नाही. प्रॉक्सी म्हणजे त्याच्या लेखी चोरी, आणि तीही देवळातली.

रजेच्या अर्जांचं तर विचारूच नका. रजेचा अर्ज कसा लिहावा हे तो पहिल्या वर्षाला शिकवायचा, अगदी मन लावून, मायना काय, विषय कुठे, सही कुठे. आणि त्याच पद्धतीने कुणी नीट अर्ज लिहून आणला की परत करायचा. वर लाल शाईने शेरा: 'ताप हे कारण नव्हे.' त्याचं म्हणणं, ताप काय कुणालाही येतो, ताप ही सबब. पोरं मग माझ्याकडे लायब्ररीत येऊन दुसरा अर्ज लिहायची. ताप पुरत नाही म्हटल्यावर आजीला मारायची. एका मुलाची आजी एकाच सत्रात इतक्या वेळा वारली की शेवटी मीच त्याला म्हटलं, बाबा रे, आता एखाद्या आत्याला घे. आजीचे अर्ज दादा मंजूर करायचा. मृत्यूपुढे तो काय बोलणार.

हे सगळं कशासाठी, तर शेवटच्या तासासाठी. आमच्या कॉलेजात एक जुनी रीत आहे. जो शिक्षक नोकरीभर एकही दिवस न चुकवता निवृत्त होतो, त्याचा शेवटचा तास वर्गात होत नाही, मोठ्या हॉलमध्ये होतो. सगळे वर्ग, सगळे शिक्षक, ऑफिस, शिपाई, झाडून सगळे समोर बसतात. तो आधी अख्ख्या कॉलेजची हजेरी घेतो, वर्गावर्गाने, आणि मग त्याला जे बोलायचं ते बोलतो. घंटा त्याने हात वर केल्याशिवाय होत नाही. आत्तापर्यंत हे एकदाच झालं होतं. दादाचे स्वतःचे सर निवृत्त झाले तेव्हा. दादा तेव्हा विद्यार्थी होता, जागा नव्हती म्हणून खिडकीच्या कठड्यावर बसला होता. तिथून जो उतरला तो हेच ठरवून उतरला की एक दिवस असा तास आपला. मला त्याने घरी येऊन सांगितलं होतं, मी फ्रॉकमध्ये होते. पुढे त्याने नोकरीत काही मागितलं नाही, बढतीसुद्धा नाही, हा एक तास सोडून. भाषण तर गेली काही वर्षं तयारच होतं. सकाळी बाथरूममध्ये बादली भरताना म्हणायचा. मला आणि वहिनीला ते पाठ झालं होतं, आणि मधे नळ बंद झाला की तो कुठल्या वाक्यावर थांबतो तेही.

निवृत्तीला महिना राहिला आणि थंडीबरोबर फ्लू आला.

दर वर्षी येतो, पण यंदा तो जरा ठाण मांडूनच बसला. होस्टेलमध्ये एक मुलगा आजारी पडला, मग त्याची खोली, मग मजला. प्राचार्यांनी घाईघाईने फ्लू प्रतिबंधक समिती नेमली आणि अध्यक्ष कोण, तर दादा. का? तर म्हणे सर कधी आजारी पडलेले नाहीत, त्यांना यातलं कळत असणार. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला घरी राहू दिलं नाही, त्याच्यावर सगळ्यांना घरी बसवायची जबाबदारी. मला स्टाफरूममध्येच हसू फुटलं, खोकल्याचं निमित्त करावं लागलं. तेव्हा दादाने मला पहिला दंड केला, तोंडावर रुमाल न धरता खोकले म्हणून.

एक मात्र कबूल करायला हवं, काम हाती घेतलं की दादा ते चोख करतो. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजचं रूपच पालटलं. वर्गांच्या खिडक्या उघड्या, कितीही गारठा असो. प्रत्येक नळाशी साबण, आणि साबण नेऊ नये म्हणून दोरीला बांधलेला. बाकावर दोघांच्या मधे एक जागा रिकामी. हस्तांदोलन बंद, कॅन्टीनमध्ये एकाच्या कपातून दुसऱ्याने प्यायचं बंद. लायब्ररीत परत आलेली पुस्तकं मी दोन दिवस वेगळी ठेवायची. का, ते मला अजून कळलेलं नाही, पण ठेवली. शिवाय मोठ्या फाटकापाशी ताप मोजायचं यंत्र, ते कपाळाशी पिस्तुलासारखं धरतात ते. तापाचा आकडा चढा लागला की ते टीं टीं ओरडायचं आणि लाल व्हायचं. माणसाने तिथूनच मागे फिरायचं.

हे यंत्र वॉचमनच्या हातात असे. वॉचमन आमचा जुना, सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. गेली कैक वर्षं दादा रोज त्याच्याही आधी फाटकापाशी येऊन उभा असायचा, कॅप्टनने कुलूप काढलं की पहिला आत. पहिल्याच दिवशी कॅप्टनने प्राचार्यांना न मोजता सलाम ठोकून आत सोडलं. दादाने पाहिलं. त्याने प्राचार्यांना परत बाहेर बोलावलं, मोजायला लावलं आणि कॅप्टनला सगळ्यांदेखत झापलं, "तू माणूस ओळखतोस, ताप माणूस ओळखतो का? इथून जाणाऱ्या प्रत्येकाला मोजायचं. मग तो कुणीही असो." कॅप्टनने मान डोलवली. स्वतः दादाला कुणी मोजलं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. तो कॅप्टनच्या आधीच आलेला असे, आणि मोजण्याच्या वेळी यंत्राच्या मागच्या बाजूला उभा असे.

लसीचंही तसंच. एक डॉक्टरीणबाई कॉलेजात येऊन लस टोचून गेल्या. दादा रांगेशी उभा राहून एकेकाला पुढे ढकलत होता. मी दंड चोळत विचारलं, "तुझं झालं?" म्हणाला, "निवृत्तीनंतर घेतो. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या एखाद्याला दुसऱ्या दिवशी कसकस वाटते. उद्या माझे तास आहेत."

समितीच्या बैठका लायब्ररीतच व्हायच्या, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. क्रिकेटचे सामने रद्द, गाण्याची स्पर्धा रद्द, वादविवाद रद्द, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा रद्द. गर्दी जमेल असं एकेक दादा खोडत गेला. त्या भरात खेळाचे सर म्हणाले, "मग सर, कॉलेजच आठवडाभर बंद ठेवू या की. तशीही निम्मी पोरं खोकताहेत. बंदचे दिवस सगळ्यांना हजर धरता येतात." मी पुस्तकाआडून बघत होते. दादाने पेन खाली ठेवलं. "बंद म्हणजे हार," तो म्हणाला. "आपण रोखायचं आहे, पळायचं नाही." बोलायला छान होतं. पण शेवटचा तास त्याच आठवड्यात होता, बंद म्हणजे तो गेला, हे मला कळत होतं आणि त्यालाही. बैठक संपल्यावर मी विचारलंच, "दादा, सगळी गर्दी रद्द केलीस. मग बंद हॉलमध्ये अख्खं कॉलेज एकत्र बसवायचं, ती कसली गर्दी?"

"तो तास आहे," दादा म्हणाला. "तास म्हणजे गर्दी नव्हे."

मी हात टेकले.

आता त्या मुलीचं सांगते. पहिल्या बाकावरची, अबोल, अभ्यासू मुलगी. दादाचा चाचणीचा तास होता आणि तिने मैत्रिणीबरोबर अर्ज पाठवला की ताप आहे, समितीच्या सूचनेप्रमाणे घरी थांबते. समितीच्या सूचनेप्रमाणे, बरं का. खाली दादाचीच सही असलेली सूचना, तिने अर्जाला जोडलेली. दादाने अर्ज वाचला आणि लाल पेन काढलं. मी म्हटलं, "अरे, तूच लिहिलंयस ना, ताप असल्यास घरी राहा?"

"घरी राहा असं लिहिलंय," दादा म्हणाला, "गैरहजर राहा असं कुठे लिहिलंय?"

अर्ज परत गेला. बिचारी मुलगी घरून उठून होस्टेलच्या मागच्या दाराने कॉलेजात शिरली, कारण फाटकाने आली असती तर कॅप्टनने परत पाठवलं असतं. म्हणजे दादाच्या एका नियमासाठी तिने दादाचाच दुसरा नियम मोडला. दादाने नंबर पुकारला. मास्कच्या आतून घोगरा, फाटका आवाज आला, "हजर." दादाने मान वर केली नाही. "हा आवाज कुणाचा?" "माझाच आहे सर," ती म्हणाली. दादाला पटेना. तो आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता, आणि तोंड झाकलेलं. बोलावलं पुढे. अगदी टेबलाशी. मास्क काढायला लावला. तिने काढला, "माझाच आहे सर" म्हणाली, आणि बिचारीला अशी ढास लागली की दादाच्या हजेरीपटावर, चष्म्यावर, तोंडावर, सगळीकडे.

दादाने चष्मा पुसला. "शाबास," तो वर्गाला म्हणाला. "याला म्हणतात हजेरी."

हे मला वर्गातल्या पोरांनी सांगितलं, हसत हसत. दोन-तीन दिवसांनी दादाला शिंक आली तेव्हा मला ते हसू आठवलं.

शिंकेला तो धूळ म्हणाला. घसा धरला तर भाषणाचा सराव जास्त झाला म्हणाला. खोकला आला तर नळ सोडून बाथरूममध्ये खोकायचा, आणि वहिनी बाहेर उभी राहून म्हणायची, "आज भाषणात नवीन भाग घातलाय वाटतं." शेवटच्या तासाच्या आदल्या दिवशी तो जेवला नाही. मफलर गुंडाळून खुर्चीत बसला होता. मी कपाळाला हात लावायला गेले तर मान मागे घेतली. घरात थर्मामीटर होता, तो सापडेना. नंतर तो त्याच्याच कपाटात मोज्यांत सापडला.

"दादा," मी म्हटलं, "तुला फ्लू झालाय."

"मला काही झालेलं नाही."

"तू समितीचा अध्यक्ष आहेस."

"म्हणून तर सांगतो, झालेलं नाही."

वहिनी आतून आली. ती फारशी बोलत नाही, पण बोलली की नेमकं. "उद्या तुम्ही त्या हॉलमध्ये तासभर बोलणार," ती म्हणाली. "समोर अख्खं कॉलेज. त्यात आपला प्रयोगशाळेतला म्हातारा शिपाई असेल, ज्याला दमा आहे. ऑफिसातली ती असेल, सातवा महिना लागलेली. माझ्या भावाच्या लग्नाला आला नाहीत, मी बोलले नाही. पण हे मात्र बरं नाही."

दादाने मफलर घट्ट केला. मग म्हणाला, "एक तास. मी इतकी वर्षं फक्त एक तास मागितलाय." त्याचा आवाज इतका बसला होता की वर्गात असता तर त्याने स्वतःलाच विचारलं असतं, हा आवाज कुणाचा म्हणून. मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती. दोन्ही एकदम. काय करावं कळेना, म्हणून मी पाणी गरम करून आणलं आणि त्याच्यासमोर आदळलं.

सकाळी तो इस्त्रीचे कपडे घालून तयार. पण पाय उचलत नव्हते. कॉलेज आमच्या मागच्याच रस्त्याला, एरवी मला त्याच्या मागे पळावं लागतं. त्या दिवशी तो दर विजेच्या खांबापाशी थांबून बुटाची नाडी बघत होता. मी बरोबर होते. वाटेत मी त्याला जे जे म्हणता येईल ते म्हटलं. स्वार्थी म्हटलं, ढोंगी म्हटलं. तो ऐकत होता आणि चालत होता. आणि चालता चालता नोकरीत पहिल्यांदा दादाला उशीर झाला. आम्ही पोचलो तेव्हा फाटक उघडलेलं होतं आणि कॅप्टन यंत्र घेऊन उभा होता.

आतून हॉलचा गलका ऐकू येत होता. खुर्च्या ओढल्याचे आवाज, माइकची खरखर, शिट्ट्या. मधेमधे खोकले. कॅप्टनने दादाला बघून सलाम केला, मग त्याला आपला जुना अपमान आठवला असावा. त्याने यंत्र उचललं आणि दादाच्या कपाळाशी धरलं.

टीं टीं. लाल.

कॅप्टनने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. यंत्र शर्टाच्या बाहीला पुसलं. परत धरलं. परत टीं टीं. मग त्याने ते पाठीमागे लपवलं आणि हॉलकडे हात करून म्हणाला, "नॉर्मल आहे, सर. जा तुम्ही. सगळे थांबलेत."

आणि खरं सांगते, घरापासून इथपर्यंत मी त्याला शिव्या घालत आले होते, पण त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे याला. लांबून बोलेल, खिडक्या उघडू, मास्क लावेल, पण जाऊ दे एकदाचा. मी म्हटलंसुद्धा, "जा दादा."

दादा हलला नाही. मान खाली होती. मग त्याने मान वर न करता विचारलं, "हा आकडा कुणाचा?"

कॅप्टन गडबडला. "तुमचाच, सर."

"माझा असेल तर वाच."

कॅप्टन वाचेना. दादाने हात पुढे केला, यंत्र घेतलं, स्वतः वाचलं आणि त्याला परत दिलं. "माझी प्रॉक्सी लावतोस होय रे," तो म्हणाला. झापल्यासारखं नाही, आपलं असंच. मग फाटकापासून चार पावलं मागे सरकून रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "आत जाऊन सांग, समितीने हॉल बंद केलाय. सगळ्यांना घरी सोडा. एकेका दाराने सोडा, घोळक्याने नको. आणि आधी त्या प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्याला बाहेर काढ."

कॅप्टन गेला. थोड्या वेळाने प्राचार्य धावत आले, हातात शिक्षकांचं मस्टर. सगळी तयारी झालेली, हार आलेला, त्यांचा जीव कासावीस. "सर, तुम्ही सही तरी करा," ते म्हणाले. "फाटकापर्यंत आलात म्हणजे हजरच की. तास पुढच्या आठवड्यात घेऊ. कोण विचारतंय."

आता नियमात बसत होतं का, तर बसवता आलं असतं. सही करायची आणि घरी यायचं, हजेरी शाबूत, तास शाबूत. मी दादाकडे बघत होते. त्याने खिशातलं पेन काढलंसुद्धा. मग टोपण लावलं आणि परत खिशात ठेवलं.

"फाटकापर्यंत आलेल्या एकाही पोराला मी कधी हजेरी दिलेली नाही," तो म्हणाला. "गैरहजर लिहा. आणि मास्क नाकाच्या वर घ्या."

परत येताना तो बुटाची नाडी बघायला थांबला नाही. माझ्या खांद्याला धरून आला. पाठीमागून पोरं बाहेर पडत होती, त्यांचा आवाज येत होता. काहींनी 'हजर सर, हजर सर' अशी हाक मारली. दादाने वळून पाहिलं नाही. मला म्हणाला, "घोळक्याने सोडलंय बघ. सांगितलं होतं एकेका दाराने."

दुसऱ्या दिवसापासून प्राचार्यांनी कॉलेज आठवडाभर बंद केलं. निम्मं कॉलेज अंथरुणात होतं, दुसरा इलाजच नव्हता. बंदचे दिवस सगळ्यांना हजर धरले. दादाचा कामाचा शेवटचा दिवसही त्यातच गेला, तोही हजर. म्हणजे खेळाच्या सरांचं जर वेळेवर ऐकलं असतं, तर अख्ख्या नोकरीत त्याची एकही गैरहजेरी पडली नसती. आता पडली ती एका दिवसाची, आणि तीही त्याच दिवसाची. प्राचार्यांनी दिलगिरीचा निरोप पाठवला की रीतीपुढे आपला नाइलाज आहे, हॉलचा तास आता देता येणार नाही. हार घरी पाठवून दिला. वहिनीने तो खिडकीच्या खिळ्याला अडकवला.

हे सगळं मी दादाला सांगावं की नाही असा प्रश्नच नव्हता, त्याने स्वतःच हिशेब केलेला होता. तो उशांना टेकून बसला होता, नाक लाल, केस विस्कटलेले. त्या मुलीची चौकशी केली. बरी आहे म्हटलं. "तिचा अर्ज कुठे असेल?" म्हणाला. मी म्हटलं, तूच परत केला होतास. यावर त्याने पांघरूण नीट केलं. मग म्हणाला, "बरी झाली की तिला म्हणावं, सर भेटायला बोलावताहेत. घाई नको. पूर्ण बरी झाल्यावर."

संध्याकाळी ऑफिसातून निरोप आला की त्या एका दिवसाचा रजेचा अर्ज लागेल. नाहीतर निवृत्तीचे कागद पुढे सरकत नाहीत. दादाने कागद मागितला. मी पाठीखाली आणखी एक उशी दिली, गुडघ्यावर पाट ठेवला. वहिनी दारात उभी राहिली. मायना त्याने सुरेख घातला. विषय लिहिला. 'महोदय' लिहिलं. आणि पेन थांबलं.

आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवला, पण हा त्याचा स्वतःचा पहिला अर्ज. मला वाटलं, शब्द सुचत नसेल. पाहते तर तो माझ्याकडे बघत होता, माझ्या लहानपणी त्या कठड्यावरून उतरून घरी आला होता तसा.

"नुसतं ताप लिहू का गं?" तो म्हणाला. "पुरेल का तेवढं?"

मी म्हटलं, "नसेल पुरत तर आजी वारली म्हणून लिही."

आधी वहिनी हसली. मग दादा हसला, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं आणि खोकला थांबला तरी ते थांबलं नाही. त्याने चष्मा काढून पुसला, नाकावर चढवला आणि एका दमात लिहिलं. सही केली. कागद माझ्याकडे देऊन म्हणाला, "वाच."

मी वाचलं. "मला ताप होता, म्हणून मी येऊ शकलो नाही."

दादा ऐकत होता, हजेरी घेताना ऐकायचा तसा, मान खाली घालून.

"पुरतंय की," तो म्हणाला.